मंग सकायले?

शकीला वकीलबाई दार लावलं की भाषा बदलत. जळगावच्या कोर्टातल्या मध्यस्थी केंद्रात दोन्ही पक्ष टेबलाभोवती बसलेले असले की त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. "मी न्यायाधीश नाही. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही. निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा आहे." मग एकेकाला एकटं आत बोलावत, कडी सरकवत, चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि अहिराणीत विचारत, "हां माय, आते सांग. कोनले कसं मारानं शे?"

मला माझ्या धाकट्या जावेला मारायचं होतं. विमलला. तेव्हाची मी म्हणजे पन्नाशी उलटलेली, पण अक्कल अजून परकरातच होती. तारखेला मी पैठणी नेसून गेले होते. आदल्या दिवशी आरशासमोर उभं राहून नाकपुड्या कशा फुलवायच्या याची तालीमही केली होती.

झालं होतं असं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी विहीण धुळ्याहून जेवायला आली. मी खापरावर मांडे केले, कोपरापर्यंत हात भाजून घेतले. विमल आमरस वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "विहीणबाई, जपून हं! अक्कांचा मांडा रसात बुडत नाही, तरंगतो." पंगत हसली. विहीण तर ठसका लागेपर्यंत हसली.

त्या दिवसापासून मी भांडी घासलेलं पाणी विमलच्या बाजूला लोटायला लागले. आमच्या दोन घरांना ओटा एकच. तिनं ओट्याच्या मधोमध लोखंडी ग्रिल ठोकलं. मी दावा ठोकला. आमचे हे आणि भाऊजी, दोघे सख्खे भाऊ, ग्रिलच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायचे आणि गजांतून पेपरची पानं एकमेकांना द्यायचे. मला त्याचाही राग यायचा. म्हटलं, घरभेदी मेले!

जज्जसाहेबांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. माझ्या वकिलानं बजावलं होतं, "फक्त ग्रिलबद्दल बोला. मांड्याचं नाव काढू नका." मी आत गेले, वकीलबाईंनी कडी लावली, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो मांडा. त्यांनी सगळं ऐकलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं. तू काय करशी तिले?"

"आखाजीच्याच दिवशी ग्रिल कापायचं," मी म्हटलं. "गल्लीतल्या झाडून साऱ्या माहेरवाशिणी झोक्यावर असताना. आणि विमलनं उभं राहून बघायचं."

"झ्याक. मंग?"

"मग माझ्या विहिणीसमोर तिनं कान धरायचा."

"बरं. मंग?"

"मग घरात जाऊन ढसाढसा रडेल."

"रडू दे. मंग सकायले?"

"सकाळी मी मोकळ्या ओट्यावर ऐटीत बसून चहा पिईन!"

"कोनासंगे?"

लग्न होऊन विमल घरात आली तेव्हापासून सकाळचा चहा आम्ही दोघी ओट्यावर घ्यायचो. चहा तिचा, गल्लीच्या बातम्या माझ्या. मी सूड कसा उगवला हे मीठमसाला लावून जिला सांगायचं होतं, ती विमलच होती की!

मी पदर डोळ्याला लावला. वकीलबाईंचे वडील दोंडाईच्याला मिरचीचे व्यापारी. त्या शांतपणे म्हणाल्या, "मिरचीना घरनी शे मी. डोयाना पानीले भुलस नही. तुले काय जोयजे ते सांग."

मग त्यांनी विमलला आत घेतलं. मी बाहेर बाकावर, कान दाराकडे. बराच वेळ गेला आणि आतून विमलचं हसू आलं. तेच, पंगतीतलं! अंगाचा नुसता तिळपापड झाला. ही माझ्याबद्दल काय सांगतेय? माझ्यासाठी कुठली शिक्षा ठरवतेय?

तडजोड झाली. ग्रिल निघालं. माझी अट अशी, की दर आखाजीला विमलनं माझा मांडा ओट्यावर, सगळ्यांदेखत, मुकाट्यानं खायचा. तिची अट, की रस तीच करणार, आणि पातळ की घट्ट हे कुणी विचारायचं नाही. वकीलबाईंनी दोन्ही अटी चेहऱ्यावरची रेघ न हलवता लिहून घेतल्या. तेव्हापासून विमल रस इतका पातळ करते, की त्यात कागदही बुडावा. ती उपकार करते की टोमणा मारते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण विमल आत काय बोलली, ते मला छळत राहिलं. मी दर ईदला मांडे घेऊन वकीलबाईंकडे जायचे. गोडीनं विचारलं, रुसून विचारलं, शपथ घातली. मांडे ठेवून घ्यायच्या, शीरखुर्मा द्यायच्या आणि म्हणायच्या, "पोटमा शे, पोटमाच राही." त्यांच्या पोटात अर्ध्या जिल्ह्याची भांडणं होती. एकही कधी बाहेर आलं नाही.

शेवटी त्या दोंडाईच्याला भावाकडे राहायला गेल्या आणि तिथंच अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले. हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी खरं होतं, पण डोक्यात विमलच होती. म्हटलं, "वकीलबाई, आता तरी सांगा."

त्यांना धाप लागत होती, पण डोळे हसले. "अक्का, समज, सांगी दिधं. मंग सकायले?"

त्या गेल्याचा फोन आला त्या सकाळी विमल आणि मी ओट्यावरच होतो. चहावर साय धरली. मग विमल हळूच म्हणाली, "अक्का, एक विचारू? तुम्ही आत काय सांगितलं होतं हो माझ्याबद्दल?"

"का? वकीलबाईंनी नाही सांगितलं?" मी विचारलं.

"मी किती विचारलं त्यांना! दर ईदला सांजोऱ्या घेऊन जायची. तुम्ही जाऊन आलात की दुसऱ्या दिवशी. नाहीच सांगितलं मेलीनं." असं म्हणून ती रडायला लागली.

म्हणजे बाईनं दोघींचं खाल्लं आणि दोघींना तळमळत ठेवून गेली! मलाही रडू आलं. पण खोटं कशाला बोलू, त्या रडण्याखाली मला असा काही आनंद झाला, की तसा ग्रिल कापतानाही झाला नव्हता. इतकी वर्षं ही पण जळत होती तर!

मी डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि म्हटलं, "पोटमा शे. पोटमाच राही."

विमलचं रडणं जागीच थांबलं. तिनं माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला. "मग माझंही पोटातच राहू द्या. बसा तळमळत!" आणि दार आपटून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन हजर. तेव्हापासून रोज येते आणि रोज नव्या वाटेनं विचारते. मीही विचारते. काल म्हणाली, "अक्का, माझं बीपी फार वाढलंय. डॉक्टर म्हणतात, मनात काही ठेवू नका. आता तरी सांगून टाका."

मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हटलं, "उद्या सकाळी ये. बघू."