मनकर्णाबाईचे थांबलेले हात

कल्पना करा, तुम्ही दोन माणसांच्या मधे उभे आहात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. एक जण बोलतो, तुम्ही त्याचं बोलणं उचलता आणि दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवता. त्यात तुमचं स्वतःचं काही नाही. दिवसभर हेच करायचं आहे. आणि मग एका बाजूनं एक वाक्य येतं, ते नेमकं तुमच्याचबद्दलचं. आपल्याशिवाय ते कोणाला कळलेलं नाही, असं तुम्हाला वाटतं. ते जसंच्या तसं पलीकडे द्याल?

प्रेरणाला आधी कोणी हे विचारलं असतं तर ती चटकन ‘हो’ म्हणाली असती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती बिडकीनच्या एका कंपनीत मशीनचं वायरिंग तपासायची. वायरच्या एका टोकाला जे दिलं तेच दुसऱ्या टोकाला आलं पाहिजे, हा तिचा रोजचा धंदा. म्हणून चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, “फिलिपिन्सहून टीम येतेय, गावोगाव डोळे तपासून चष्मे वाटणार आहेत. दुभाषी कोण होईल?” तेव्हा तिचाच हात सगळ्यांत आधी वर गेला. सुट्टीही तिनं लगेच टाकली.

टीममध्ये पाच जण होते. त्यांची प्रमुख मॅरिसेल, पन्नाशीची, डोळ्यांच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेली. विमानतळावरून येताना गाडीत तिनं सहज विचारलं, “तुझ्या घरी कोण कोण असतं?”

प्रेरणा म्हणाली, “वडील शिक्षक. आजोबाही शिक्षकच होते. आम्ही छावणीतले, शहरातले.”

यातलं काहीच खरं नव्हतं. आई ती लहान असतानाच गेली होती आणि बाप कुठं निघून गेला ते कोणालाच माहीत नव्हतं. तिला वाढवलं मनकर्णामावशीनं, गंगापूरकडच्या एका मिशन कंपाउंडात. मावशी तिथल्या बोर्डिंगात भाकऱ्या थापायची. स्वयंपाकघरामागच्या एका खोलीत दोघी राहायच्या. बोर्डिंग केव्हाच बंद पडलं, पण खोली आणि मावशी तिथंच होत्या.

मग खोटं का बोलली? बोर्डिंगात परदेशी पाहुणे आले की पोरांना ताटं हातात देऊन ओळीनं उभं करायचे आणि फोटो काढायचे. “हसा रे,” असं मागून कोणीतरी म्हणायचं. प्रेरणा त्या फोटोंमध्ये कितीदा तरी उभी राहिली होती. आता गळ्यात ओळखपत्र घालून, फाडफाड इंग्रजी बोलत ती पाहुण्यांच्या बरोबरीनं बसली होती. या गाडीत तिला पुन्हा ताटवाली पोर व्हायचं नव्हतं.

पहिलं शिबिर बिडकीनला झालं. फिलिपिन्सच्या लोकांची एक रीत आहे. वडीलधारं माणूस भेटलं की त्याचा हात धरायचा आणि आपल्या कपाळाला लावायचा. मॅरिसेल प्रत्येक म्हाताऱ्याला असंच भेटू लागली. अप्पाराव नावाच्या आजोबांनी तर हात झटकन मागं घेतला.

“पोरी, सांग हिला, हात नाय दुखत माझा. डोळं बघ म्हणावं, डोळं!”

“आजोबा, ती आशीर्वाद मागतेय तुमचा.”

“असं व्हय? मंग घे बाई, दोन्ही घे!” म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं केले आणि रांग खो खो हसली. प्रेरणाला वाटलं, किती सोपं काम आहे हे.

दुसऱ्या दिवशीचं शिबिर गंगापूरला होतं. मावशीला तिनं मुद्दामच कळवलं नव्हतं. पण खबर चर्चमधून गावोगाव गेली होती. दुपारी रांगेत हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी आणि ओळखीचं बारीक खोकणं आलं. मावशीनं वर पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला, की आता ती ‘पिंके!’ म्हणून हाक मारणार हे प्रेरणाला कळलं.

ती हाक यायच्या आत प्रेरणा म्हणाली, “आजी, नाव सांगा तुमचं.”

मावशीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग ते हळूच मिटलं. गळ्यातलं ओळखपत्र, शेजारची परदेशी बाई, सगळं तिनं एकदा पाहून घेतलं.

“मनकर्णाबाई,” ती म्हणाली.

वाचता न येणाऱ्यांची नजर तपासायला टीमनं सुईदोरा ठेवला होता. चष्मा चढवल्यावर मावशीनं एका दमात सुई ओवली. “दिसलं गं बाई, दिसलं!”

मॅरिसेल हसली. “हिला विचार, घरी सुई ओवून द्यायला कोणी नाही का?”

प्रेरणानं विचारलं. मावशीनं तिच्याकडं न बघता, ओवलेल्या दोऱ्याकडं बघत उत्तर दिलं.

“हाय की. लेक हाय माझी. पोटची नाय, पर लेकच. शिकून मोठी झाली, लई कामात असती.”

प्रेरणा वळली आणि इंग्रजीत म्हणाली, “घरी कोणी नाही. एकटीच राहते.”

मॅरिसेलचे डोळे भरून आले. तिनं मावशीचा हात कपाळाला लावला, तसाच धरून ठेवला आणि डोळे मिटून प्रार्थना केली: या एकट्या बाईला प्रभूनं आधार द्यावा. मग म्हणाली, “उद्या आपण हिच्या घरी जाऊ. रेशन घेऊन जाऊ.” हे मात्र प्रेरणानं मावशीला जसंच्या तसं सांगितलं.

पाण्याच्या माठापाशी गाडीचे ड्रायव्हर फारूखभाई उभे होते. औरंगपुऱ्यात वाढलेला माणूस, तीन भाषा कानांत आणि चौथी, इंग्रजी, गाडी चालवता चालवता पाहुण्यांकडून शिकलेली.

“मॅडम, एक बात पूछू? वो खाला तर लेक हाय म्हनली ना?”

“तुम्ही गाडी बघा, फारूखभाई.”

“गाडीच बघतो. कान तेवढे रिकामे पडतात.”

संध्याकाळभर प्रेरणाला एकच गोष्ट दिसत होती. मावशीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, तिचा डिप्लोमाच्या दिवशीचा फोटो. काळा झगा, हातात गुंडाळी. आत पाऊल टाकलं की पहिली नजर तिथंच जाणार. मावशीला फोन करावा म्हणून तिनं मोबाईल कितीदा हातात घेतला. पण सांगणार काय? माझा फोटो उतरवून ठेव? असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

सकाळी कंपाउंडचं गंजकं फाटक उघडून सगळे आत गेले. दारातून प्रेरणानं भिंतीकडे पाहिलं.

फोटो नव्हता. नुसता खिळा होता, आणि त्याखाली निळसर चुन्याचा एक चौकोन बाकी भिंतीपेक्षा ताजा दिसत होता.

“या, बसा,” मावशीनं सतरंजी झटकली. “मॅडम, तुम्ही पन बसा.”

जे सांगायची प्रेरणाला हिंमत झाली नाही, ते मावशीनं न सांगताच केलं होतं. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी, सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली.

चहा झाला. रेशनची पिशवी मावशीच्या हातात दिली गेली. मॅरिसेलनं आपला मोबाईल प्रेरणाकडे दिला. “आमचा सगळ्यांचा काढशील?”

प्रेरणानं मोबाईल धरला. चौकटीत मधोमध मावशी होती, पिशवी छातीशी धरलेली, आणि वर तो खिळा. ‘हसा,’ असं म्हणायची वेळ आता तिच्यावर होती. मावशी आपणहूनच हसली.

निघताना मॅरिसेलनं पुन्हा तिचा हात कपाळाला लावला. मावशी म्हणाली, “तुमची रीत झाली, आता आमची.” तिनं दोन्ही तळवे मॅरिसेलच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं टेकवून मोडली. कडाकडा आवाज आला. पाळकसाहेबांना हे अलाबला घेणं मुळीच पसंत नसायचं, पण मावशीनं त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. जितकी बोटं वाजतील तितकी माया, असं ती म्हणायची. टीमला मोठी गंमत वाटली. पाचही जणांनी ओळीनं गाल पुढं केले, पाचही जणांसाठी बोटं वाजली.

शेवटी दारापाशी प्रेरणा उरली. मावशीचे हात सवयीनं वर आले. अगदी तिच्या गालांपर्यंत आले. पिठाचा ओळखीचा वास तिच्या नाकात शिरला. आणि तिथं ते हात थांबले. मग खाली आले आणि जुळले.

“या, मॅडम. लई उपकार झाले.”

गाडीत फारूखभाईंनी आज एकही टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं. फाट्यावर गाडी आली तेव्हा प्रेरणा मॅरिसेलला म्हणाली, “ती माझी मावशी आहे. तिनंच मला वाढवलं. काल ती म्हणाली होती, मला लेक आहे. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. छावणीतलं घर, शिक्षक वडील, तेही खोटं.”

मॅरिसेलनं मोबाईल काढला, मघाचा फोटो शोधला आणि पुसून टाकला.

“गाडी मागं वळवू या?” तिनं विचारलं.

फारूखभाईंनी न सांगताच वेग कमी केला. आणि प्रेरणा म्हणाली, “नको. पुढच्या गावात लोक थांबलेत.” ते खरंही होतं. पण म्हणून ती नको म्हणाली नव्हती, हे गाडीतल्या दोघांना तरी कळलं.

टीम गेल्यावरच्या रविवारी ती जीपनं गंगापूरला आणि तिथून कंपाउंडात गेली. मावशी नवा चष्मा लावून दारात गोधडी शिवत होती. फोटो पुन्हा खिळ्यावर होता.

“आली का गं पिंके? हात धू, भाकर टाकते.”

“मावशी, त्या दिवशी मी...”

“आधी जेव.”

जेवता जेवता प्रेरणा म्हणाली, “मी सांगितलं त्यांना. तू माझी कोण आहेस ते.”

“मंग? काय म्हनली ती बाई?”

“तुझा फोटो पुसून टाकला.”

“चांगला आला नसंल,” मावशी म्हणाली. “पर बाई गुणाची. हात लई मऊ हायेत तिचे. अजून चटणी घे.”

बस, इतकंच. ना रुसवा, ना ओरडा. निघताना तिनं प्रेरणाचे गाल कुरवाळले, बोटं मोडली, आणि ती नेहमीसारखीच वाजली. प्रेरणाला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

परतीच्या जीपमध्ये दोन माणसांच्या मधे दाटीवाटीनं बसून ती तेच आठवत राहिली. उमटलेला तो ताजा चौकोन नव्हे, ‘मॅडम’ही नव्हे, फक्त ते हात. गालांपर्यंत आलेले आणि थांबलेले. ते लेकीचं खोटं झाकायला थांबले होते, की त्या घडीला मावशीला खरंच वाटलं होतं, की हे तोंड आता आपलं राहिलं नाही?