पापडाला मनाई, नातवाला मुभा

रविवार, ५ एप्रिल, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. हिंगण्यापलीकडच्या नव्या उद्यानात माझ्या मैत्रिणीच्या पापडांवर गार्डने शिट्टी फुंकली. वेळ मी लगेच टिपून घेतली. जन्मभर पोस्टात ठप्पे मारल्यावर ही सवय सुटत नाही.

आधी प्रवास. सीताबर्डीहून मेट्रोने लोकमान्य नगर, पुढे ऑटो. शेवटचा रस्ता कंबरेची परीक्षा पाहतो. नाश्ता फाटकाबाहेरच्या गाडीवर करा, तर्री-पोहे झणझणीत. आतला चहा म्हणजे कोमट साखरपाणी. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

इथे पूर्वी एका कारखान्याची राख टाकत. कारखाना बंद पडला, ढीग राहिला. माझ्याबरोबर पोस्टात असलेली सुमन शेजारच्या वस्तीत राहते. लग्न होऊन आल्यापासून तिने पापड खोलीत, पंख्याखाली वाळवले. गल्लीत घातले की उडत्या राखेने संध्याकाळी करडे! आता ढिगावर माती टाकून गवत लावलंय, कडुनिंब माझ्या डोक्याच्या वर गेलेत. मी चुका काढायलाच गेले होते. बाकावर पांढरा रुमाल घासला, तो पांढराच राहिला. मान्य करते, काम चांगलं झालंय.

वस्तीत अंगणं नाहीत, म्हणून सुमन आणि चार शेजारणींनी उद्यानातल्या ओट्यावर जुनी लुगडी अंथरून उडदाचे पापड घातले. तेवढ्यात शिट्टी.

"काहून शिट्टी मारून राहिला गा, मारोती?" सुमन कडाडली.

"ताई, बोर्ड वाचा न. इथं खायाची वस्तू वाळवाले मनाई हाय. साहेब म्हणते, माती अजून तपासाची हाय."

सुमनने उताराकडे बोट दाखवलं. "तो लोळून राहिला, तो माहा नातू. तोंडात गवत हाय त्याच्या. पापडाले चालत नाही, तं नातवाले कसं चालते?"

सुमनने नातवाला हाक मारून लुगड्याच्या कडेला बसवलं. मारोतीने शिट्टी खिशात घातली. "माह्या घरचे पापड बी खोलीतच हायत," तो पुटपुटला. "दहा वाजेपर्यंत मले काही दिसत नाही."

दहापर्यंत तोच काठीने कावळे हाकत होता.

सुमनने दिलेले पापड घरी आणून उन्हात कडक केले आणि एक तळला. पांढराशुभ्र, दाताखाली कचकच नाही. पण माझी जीभ म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगत, तोंडी तक्रार म्हणजे रडगाणं, लेखी केली तर अर्ज. म्हणून उद्यान अधिकाऱ्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवलेला अर्ज इथेही देते:

माती तपासा आणि अहवाल फाटकावर लावा. ती स्वच्छ असेल, तर ओटा वाळवणाला खुला करा. नसेल, तर पापडांच्या आधी मुलांना तिच्यापासून दूर ठेवा आणि उरलेलं काम पूर्ण करा. इतकं केलंत, तर तेही जमेल. सुमनच्या कुरडया मे महिन्यात आहेत. ३० एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं. 'बघतो' हे उत्तर धरलं जाणार नाही.