दंडावरची निशाणी

"काढा त्या पंतोजीले बाहेर! माह्या लेकराच्या दंडाले निशाणी कराले कोनं सांगतलं त्याले?" – सखू माळीण शाळेच्या ओट्यावर चढून ओरडत होती. तिच्यामागं अर्धी वस्ती लाठ्याकाठ्या घेऊन उभी. दारात पंतोजी. आणि सगळ्यांच्या मागं, कडुनिंबाच्या आडोशाला – मी.

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. बैलांना एखाद वेळी बोललो असेन. ते चुगली करत नाहीत. तुम्हालाच का सांगतो आहे? – ठाऊक नाही.

मला ओळखणारे हसतील. महादू गाडीवान आणि खरं बोलणार? कापसाला सोन्याचा भाव आला ती वर्षं – अमरावतीहून गाडी भरून अकोल्याला जायचो, आणि येताना कापसाच्या जागी थापा भरून आणायचो. माझ्या चाकांना म्हणे चांदीची धाव होती. मूर्तिजापुरापाशी मी वाघाचा कान धरून त्याला वाटेतून बाजूला सारला होता. (कुत्रं होतं ते. आणि धरलं होतं त्यानं – मला.) लोक हसत, चिलीम पुढं करत. त्या एका चिलमीसाठी मी काय नसतं सांगितलं?

अमरावतीच्या परकोटाबाहेर आमची वस्ती, आमचा पुरा; तिथं सरकारी शाळा निघाली ती याच दिवसांत. धर्मशाळेची ओसरी, मूठभर पोरं, धूळपाट्या, आणि घाटाकडून आलेले किडकिडीत पंतोजी. वेचणी सोडून पोर शाळेत कोण पाठवतो? पंतोजी शेतोशेती फिरून, हातापाया पडून पोरं गोळा करायचे. मग त्यांनी देवी टोचणारा माणूस शाळेत बोलावला. पोरांच्या दंडावर फोड आले, सुकले, डाग राहिले.

आणि तेव्हाच काटेपूर्णा नदीवर रेल्वेचा पूल बांधत होते, तो मी पाहून आलो. बाजाराचा दिवस, हातात चिलीम, भोवती माणसं – कसं सांगू? – जिभेवर आलंच. म्हटलं, साहेब रोज पाया भरते, नदी रोज गिळते. आता एकेका खांबाखाली एकेक लेकरू गाडनार हायेत. कोणतं? तर ज्याच्या दंडावर निशाणी, तेच.

कोणी हसलं नाही.

तिथंच थांबायला हवं होतं ना? 'मस्करी केली बाप्पा' – एवढंच म्हणायचं होतं. पण माझं बोलणं ऐकताना माणसं इतकी गप्प कधी झालीच नव्हती. मला ते – गोड वाटलं. मी त्यात एक पोतंही घातलं. लेकरू ज्यात शिवतात, ते.

तिसऱ्या दिवशी ही गर्दी.

एक दगड आला आणि पंतोजींच्या कपाळाला लागला. त्यांनी उपरण्यानं रक्त टिपलं, गर्दीवरून नजर फिरवली, आणि मी त्यांना दिसलो. एक सांगायचं राहिलं – दिवेलागणीला, एक पैसा न घेता, याच ओट्यावर त्यांनी मला अक्षरं शिकवली होती. हे ज्या अक्षरांत लिहितो आहे, ती त्यांचीच.

"महादू, तू तर तो पूल पाहून आलास. यांना सांग, तिथं काय आहे."

सगळी डोकी वळली. डोक्यांबरोबर लाठ्याही. एरवी मी म्हणालो असतो, काटेपूर्णेचा पूर माझ्या धोतरात उतरला. त्या दिवशी धोतर खरंच ओलं झालं. वाघाचा कान धरणारा मी – सखूच्या डोळ्यांकडं पाहवेना.

"मले काय मालूम," मी म्हणालो. "मी गाडीवान मानूस."

धूळपाट्या फुटल्या. संध्याकाळी पुऱ्यातल्या घराघरातून पोरांच्या किंकाळ्या येत होत्या – निशाणी पुसायला आया तापल्या विळ्यानं डाग देत होत्या. सखूच्या लेकाचा, बापूचा, तो हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. शाळेच्या ओसरीत कापसाचे गठ्ठे रचले गेले, आणि पुढं कितीतरी वर्षं पुऱ्यात कोणी पाटी धरली नाही. मी मात्र गोष्टी सांगत राहिलो. दुसऱ्या सांगत राहिलो.

सकाळी पंतोजींना अकोल्याला न्यायला एकही गाडी तयार होईना. ते माझ्या गाडीत बसले. माझ्या! वाटभर मी मनात वाक्य जुळवत होतो – पंतोजी, ते मी बोललो होतो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, वाक्य बाहेर येईना. काटेपूर्णेशी बैल सोडले. पंतोजी नदीत उतरले, कपाळाची पट्टी धुतली, आणि अर्धवट बांधलेल्या खांबाला पाठ टेकून बसले. डोळे मिटले त्यांनी. आता सांगतो म्हणून मी तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच –

"पंतोजी, इथं भेव नाई वाटत तुमाले?"

"नाही," ते म्हणाले. "इथं मला कोणी ओळखत नाही."