मक्याचा चोथा आणि टाकव्याचं तळं

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहावं असा माझा काही प्रवास नाही, आणि लिहिण्याची सवयही नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. त्यामुळे कॉलेजातून येऊन मी जे बोलतो ते घरी सगळ्यांना खरंच वाटतं, याची मला अलीकडे भीती वाटते. वाचनालयाच्या अंकासाठी लिही म्हणून निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. तरीही लिहितोय, कारण मी जिथे गेलो होतो तिथे तुमचा मका पोचला होता. त्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

सिल्लोडच्या आपल्या बाजूचा मका ट्रकांनी कारखान्यात जातो, हे तुम्ही पाहताच. तिथे तो आंबवून इथेनॉल काढतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. मागे जो चोथा उरतो तो वाळवला की सोनेरी, जाडसर भुशासारखा दिसतो. त्यात प्रथिनं भरपूर असतात, म्हणून तो जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातो. आमच्या मत्स्य महाविद्यालयात सरांनी एक प्रकल्प घेतला होता: तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला वाळल्या मासळीचं महागडं पीठ घालण्याऐवजी हा चोथा चालेल का? चोथ्याच्या बारीक गोळ्या करून त्या तीन शेततळ्यांत घालून बघायच्या होत्या. त्यातलं एक तळं मावळात, टाकवे बुद्रुकला होतं, आणि ते माझ्याकडे आलं. मला फार अभिमान वाटला होता.

सप्टेंबरच्या शेवटी दोन पोती घेऊन एस.टी.नं सकाळी पुण्याला उतरलो आणि शिवाजीनगरहून लोणावळ्याची लोकल पकडली. डब्यात मावळातले दूधवाले दूध घालून रिकामे कॅन घेऊन परतत होते. त्यातल्या एकानं माझ्या पोत्याला नाक लावलं.

"पेंड हाय व्हय?"

"नाही. झिंग्यांचं खाद्य आहे."

"झिंग्यांना खाद्य?" तो शेजारच्याला म्हणाला, "ऐकलंस का? झिंगं आता पंगतीला बसनार." पोत्याच्या शिवणीतून चार गोळ्या काढून त्यानं एक चक्क चावून बघितली. "मका हाय. आंबावलेला. पोरा, झिंग्याला कशाला घालतूस? म्हशीला घाल, दुधाची कासंडी भरंल."

सगळे हसले, मीही हसलो. कान्ह्याला उतरताना एक पोतं फलाटावर आपटलं आणि शिवण उसवली. मी गोळ्या वेचत बसलो तोवर फाटकाजवळची एक शेळी येऊन ओंजळभर खाऊन गेली. तिला फार आवडलेलं दिसलं. तिथून वडापनं (माणसं भरली की सुटणारी गाडी) टाकव्याला गेलो. दोन्ही बाजूंना इंद्रायणी भात निसवलेला होता आणि त्याचा वास गाडीत येत होता. डोंगरांवर सोनकी फुललेली होती. आपल्याकडच्या उघड्या माळानंतर इतकं हिरवं पाहून मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

ज्यांचं ते तळं, त्या विमलमावशींचं घर गावाच्या कडेला आहे. दारातून बाबासाहेबांचा फोटो दिसला आणि मी "जय भीम" म्हणालो. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"आपल्यातलं पोरगं हाय म्हना की," त्या आत पाहून म्हणाल्या. "आबा, कालेजवालं आलं. आपलंच हाय."

आबा म्हणजे मावशींचे सासरे, ऐंशीच्या घरातले. मावशींचे यजमान वारले आहेत. धाकटा दीर रमेशभाऊ टाकव्याच्याच एका कारखान्यात कामाला जातो. घरामागे अर्ध्या एकराचं शेततळं, त्यात पावसाळ्याच्या तोंडावर सोडलेली गोड्या पाण्यातली कोळंबी. इथे तिला झिंगाच म्हणतात.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं. रमेशभाऊंनी जेवतानाच सगळं सांगून टाकलं. जमिनीला गिऱ्हाईक आलं होतं. मुंबईच्या पार्टीला तिथे बंगला बांधायचा होता, आणि त्यासाठी तळं बुजवावं लागणार होतं.

"वयनी म्हनती झिंगं काढू. म्हनलं, काढ. नाताळाला लोनावळ्यात बंगलं भरत्यात, तवा झिंगं निघालं तर तळं तुजं, मी परत नाव घ्यायचा न्हाई. न्हाई निघालं तर मी सही करनार."

"निघंल," मावशी म्हणाल्या आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

मी चार दिवस राहिलो. गोळ्या सकाळ-संध्याकाळ कशा पसरायच्या ते दाखवलं. जाळीचं एक ताट दोरीनं पाण्यात सोडायचं, त्यात थोडं खाद्य ठेवायचं आणि दोन तासांनी वर काढून बघायचं. शिल्लक राहिलं तर खाद्य कमी करायचं, ताट साफ झालं तर वाढवायचं. झिंगा एक गोळी पायात धरून सावकाश कुरतडतो, म्हणून ती पाण्यात बराच वेळ घट्ट राहावी लागते. चोथ्याच्या गोळीला मुळातच चिकटपणा कमी. हे सगळं मी कागदावर छापून नेलं होतं. त्यात पहिलंच वाक्य होतं, 'खाद्याचे जलस्थैर्य राखावे.' हा शब्द मला स्वतःला फार आवडला होता. मावशींनी तो कागद घडी घालून फोटोमागे ठेवला.

आबा मला झिंगेमास्तर म्हणायचे. "मास्तर, झिंग्याला पगार कवा सुरू करताय?" असं रोज विचारायचे.

चौथ्या दिवशी सकाळी सर आणि खाद्य तयार करणारे एक साहेब मोटारीनं आले. तळं बघून झालं, फोटो काढून झाले, आणि सर म्हणाले, "चल, तूही लोणावळ्याला ये, तिथूनच परत जाऊ." मी पिशवी आणायला घरामागे गेलो. गोठ्याच्या कडेला आबा उकिडवे बसले होते. समोर बादली होती, तिच्यात माझ्या गोळ्या आणि कोमट पाणी, आणि आबा हातानं ते कालवत होते. म्हशीला आंबोण (भिजवलेलं खाद्य) भिजवतात तसं.

"आबा, हे काय?"

"भिजाया घातलंय. उद्या सकाळच्याला टाकतो."

"ते कोरडंच टाकायचंय, आबा."

"कोरडं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काही अमानुष बोललो होतो. "कोरडं कसं घालायचं? मुकं जनावर हाय ते. आमच्या घरात कुनाला कोरडं घालत न्हाईत."

आपल्याकडेही हेच आहे. माझी आजी सरकी भिजवल्याशिवाय म्हशीपुढे ठेवत नाही. त्यामुळे त्या क्षणी मला आबांचंच बरोबर वाटलं, आणि मी जे शिकलो ते उद्धट वाटलं. "नको आबा, तसंच टाका," एवढं मी पुन्हा पुटपुटलो. "बरं बरं," ते म्हणाले, पण हात बादलीतच होता. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. मावशी दारातच होत्या. त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी "येतो मावशी" म्हणालो आणि गाडीत बसलो.

लोणावळ्याला तुंगार्लीत साहेबांच्या ओळखीचा बंगला होता. खाली तलाव, वर धुकं, आणि बंगल्यांची फाटकं एकामागून एक बंद. स्वयंपाकी दत्तूभाऊ टाकव्याकडचेच निघाले.

"विमलचं झिंगं मीच घेनार हाय. नाताळात धा बंगल्यांचा सैपाक असतोय माज्याकडं. सांग तिला, वितभर झालं पायजे."

साहेब म्हणाले, हे जमलं तर पुढच्या वर्षी पन्नास तळी घेऊ. सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी काट्याचमच्यानं खायला शिकत होतो, आणि बादली माझ्या डोक्यातून गेली होती. चिक्की घेऊन परत निघालो.

त्यानंतर रोज संध्याकाळी मावशींकडून मोबाइलवर फोटो यायचा: जाळीचं रिकामं ताट. खाली लिहिलेलं, 'ताट साफ'. मी नोंदवहीत लिहायचो, खाद्य पूर्ण खाल्ले. नियमाप्रमाणे खाद्य वाढवायला सांगितलं. पुन्हा ताट साफ. पुन्हा वाढवलं. सर इतर दोन तळ्यांवरच्या मुलांना म्हणाले, "टाकव्याचे आकडे बघा."

भिजलेली गोळी पाण्यात पडताच विरघळते. ताट झिंगे साफ करत नव्हते, पाणी करत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. बादली मला परत आठवायला लागली होती. विचारावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण विचारलं असतं आणि आबा खरंच भिजवत असते, तर माझे सगळे आकडे फुकट गेले असते. म्हणून मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी मावशींचा फोन आला. "झिंगं काठाला आल्यात रं. हातानं उचलता येत्यात. काय करू?"

न खाल्लेलं खाद्य कुजून पाण्यातली हवा संपली की झिंगे काठाला येतात. मी म्हणालो, लगेच अर्धं पाणी बदला. त्या म्हणाल्या, वीज नाही, मोटर कशी लावू. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तोवर सगळं झालं होतं. पाणी काळपट, वर साय आल्यासारखा थर. वास मात्र माझ्या ओळखीचा होता, आंबलेल्या मक्याचा. काठावर पाट्या भरून पांढरट गुलाबी झिंगे. पाच-सहा वीतभर झालेही होते. रमेशभाऊ खड्डा खणत होते आणि आबा चुन्याची पिशवी धरून उभे होते.

सरांचा फोन आला. "खाद्यात दोष नाही हे त्यांना स्पष्ट सांग. व्यवस्थापनात काय चुकलं ते विचार." मी तसं विचारलं. खाद्य कसं टाकत होता?

"भिजवून," मावशी सहज म्हणाल्या. "आबा रोज बादलीभर भिजवायचं." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. "भिजवायचं न्हवतं व्हय?"

मी मान हलवली.

"तू हितं चार दिस व्हतास. गेलास त्या दिवशी आबा गोठ्यापाशी भिजवतच व्हतं. तुला दिसलं न्हाई?"

आबा समोर होते. रमेशभाऊंनी कुदळ थांबवली होती. मी म्हणालो, "नाही. मला नाही दिसलं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग चुन्याची पिशवी खाली ठेवून ते मावशींना म्हणाले, "त्याला कसं दिसंल? तो गाडीत बसला व्हता तवा."

"म्हंजी म्हाताऱ्या, तूच मारलंस समदं," रमेशभाऊ म्हणाले. "ह्या वयात हात जागंवर ठेवावा मानसानं."

"व्हय," आबा म्हणाले.

मावशींनी त्याही दिवशी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आबा जेवायला आले नाहीत. वडापमध्ये बसलो तेव्हा भात कापून झालेला होता, खाचरं रिकामी होती. कान्ह्याच्या फलाटावर मी सरांना द्यायचं टिपण लिहिलं. त्यात 'शेतकऱ्याच्या घरी खाद्य भिजवून दिले गेले' असं लिहिलं. कुणी पाहिलं होतं, ते लिहिलं नाही.

पुढे अहवाल आला. दोन तळ्यांवर चोथ्याचं खाद्य चांगलं चाललं, असं त्यात आहे, आणि ते खरं आहे. मक्याच्या चोथ्यावर झिंगा वाढतो, तुमच्या मक्यात काही खोट नाही. टाकव्याबद्दल एक ओळ आहे, 'व्यवस्थापनातील त्रुटीमुळे हे तळे वगळले.' शेवटी माझ्या नावानं आभार आहेत. आमच्या वडिलांनी ते पान दुकानात नेऊन दाखवलं, तुमच्यातल्या काहींनी पाहिलंही असेल. प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी दोनदा मावळात गेलो आणि एवढंच शिकून आलो, की शिकलेल्या माणसाचं खोटं लोक तपासत नाहीत.

मधे नाताळ गेला, उन्हाळा गेला. मी फोन केला नाही, त्यांचाही आला नाही. तळ्याचं काय झालं ते विचारायचं धाडस होत नव्हतं. गेल्या महिन्यात प्रवेशाच्या दिवसांत मावशींचा नंबर दिसला. त्यांच्या बहिणीची मुलगी बारावी झाली होती, तिला माझ्या कॉलेजात घालायचं होतं, आणि फॉर्म कसा भरायचा ते विचारायचं होतं. मी सगळं नीट सांगितलं, कुठली कागदपत्रं लागतात, कुठे सही करायची.

"बरं झालं बाबा. तू हाईस म्हनून काळजी न्हाई."

मग मी विचारलं, "मावशी, तळं?"

"बुजवलं की. मे महिन्यात जेसीबी आलता. दोन दिसात सपाट झालं. आता पाया खनत्यात." मग त्या म्हणाल्या, "तळ्याचं काय न्हाई रं. आबांचं बघवत न्हाई. माती पडत व्हती तवर काठावर बसून व्हतं. अजून म्हनत्यात, माज्या हातानं मेलं समदं. जेवनावर मन न्हाई. तू शिकल्याला हाईस, तुजं ऐकतील ते. म्हनावं, थंडीनं मेलं, तुमी काय केलं न्हाई. थांब, देते त्यांच्याकडं."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग आबांचा श्वास ऐकू आला, आणि ते म्हणाले, "कोन, मास्तर?"

मी फोन बंद केला. नंतर मावशींना मेसेज टाकला, 'रेंज गेली होती.'