घरची काच

आमचे हे, मुश्ताक, गडचिरोलीत माशांच्या टाक्या बनवतात. गिऱ्हाईक आलं की अर्ध्या तासात सगळं ठरतं. पाणी दीड फूट उभं राहणार असेल, तर काच आठ एमएमची. खाली थर्माकोल. काचा जोडायचं सिलिकॉन माशांना चालणारं. बुरशी मारणारं खिडकीचं लावलं, तर मासेही मरतात. मग टाकी भरून आठ दिवस आमच्या पुढच्या खोलीत ठेवायची. थेंब गळला नाही, तरच ती घराबाहेर जाते. तिच्यात दोन लाल मासेही सोडतात. माझा त्यांच्यात जीव गुंततो आणि नवव्या दिवशी मासे परत दुकानातल्या बादलीत.

आपल्या घरी एक टाकी करा, म्हणत मला नऊ वर्षं झाली. पण घरासाठी या माणसाला काचच पसंत पडत नाही! साधी काच कडेला हिरवी दिसते म्हणे. पांढरी नागपूरहून मागवली, तर तिचा कोपरा उडालेला. पुढची आली, तर "पातळ वाटून राह्यली." मोजपट्टी हातात असताना वाटून राह्यली!

"गिऱ्हाईकाले चालते, ते आपल्याले काऊन नाई?"

"घरची कायमची राह्यते, सुलताना. घाई नोको करू."

घाई! माझं डोकंच फिरलं.

गेल्या महिन्यात मुलचेऱ्याच्या बिश्वासबाबूंची तीन फुटी टाकी झाली. ओरखडा असलेली काच हे गिऱ्हाईकाला कधीच देत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. सातव्या दिवशी हे दुकानात गेल्यावर मी तारेच्या घासणीत चिमूटभर वाळू घेतली, पाण्यात हात घातला आणि मागच्या काचेचा खालचा कोपरा मन लावून घासला.

संध्याकाळी यांची नजर नेमकी तिथेच गेली. आत हात घालून नख फिरवलं.

"हे कायनं झालं?"

"शेवाळ होतं. पुसलं म्या."

"सात दिवसात शेवाळ?"

यांनी बिश्वासबाबूंना फोन लावला, दुसरी बनवून देतो म्हणाले. मग टाकीसमोर येऊन बसले.

"मागची काच घासली ते बरं केलं," म्हणाले. "समोरची असती, तर रोज दिसलं असतं."

मासे आता बादलीत जाणार नव्हते. मला रडू आलं, आणि रागही. एवढ्यासाठी नऊ वर्षं!