सालीसकट

दुसऱ्यांच्या कचऱ्याकडे इतक्या मायेने बघणारी बाई आमच्या बाळकुममध्येच काय, अख्ख्या ठाण्यात सापडणार नाही. या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकी. आमचा टॉवर उभा आहे ती जमीन म्हणजे त्यांच्या सासऱ्यांची भातशेती, त्यामुळे सगळेच मजले आपले, अशा थाटात त्या वावरतात. सकाळी ओल्या कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवला की काकी झाकण उचलून पाहणार, आणि आत दुधीची साल दिसली की आमची बेल वाजलीच. "गो बाय, ही फेकलीस? तीळ घालून चटणी कर ना!" काकडी, पेरू, सफरचंद, सगळं त्यांना सालीसकट हवं. कणीक चाळून टाकलेला कोंडा दिसला तर चेहरा असा, जणू घरातलंच कुणी गेलं. कुणी महागडं ओट्सचं पाकीट आणलं की भर लिफ्टमध्ये विचारणार, "आपल्या मटकीने काय घोडं मारलेलं?" नात्यातल्या हळदीलाही त्या पर्समध्ये नाचणीची भाकरी घेऊन जातात. त्यांना चुकवायला मी बरेचदा जिन्यानेच उतरायचे.

बाबांना डायबेटिस निघाला तेव्हा त्यांनी आईला आणि मला बजावलं, बाहेर कुणाला कळता कामा नये. गोळ्या सुरू झाल्या, पण साखर उतरेना. पुढच्या रिपोर्टपर्यंत अशीच राहिली तर इन्सुलिन द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बाबा सुईला लहान मुलासारखे घाबरतात. त्यांनी स्वतःच उपाय काढला: सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याचं शिकरण. "उपासाचं खाणं हलकं असतं," म्हणत ते पुन्हा वाढून घ्यायचे आणि नंतर ग्लुकोमीटर बिघडलाय म्हणून चिडायचे.

एका सकाळी काकी दारात उभ्या. "सुक्या कचऱ्यात रक्त तपासायच्या पट्ट्या, आणि बाजूला साबुदाण्याच्या रिकाम्या पिशव्या! भाऊ, हा उपास हाय का साखरेची वरात?"

"तुम्ही आमच्या कचऱ्यात..." बाबा लालबुंद झाले.

"मग काय, तुम्ही तोंडाने सांगणार होतात?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी झाकलेलं ताट येऊ लागलं. नाचणीची भाकरी, मोडाची मटकी, चवळीची पालेभाजी, सालीसकट काकडी. बाबा आधी शिक्षा झाल्यासारखे जेवायचे. मग एकदा ताटाला उशीर झाला तर त्यांनीच दोनदा दार उघडून पाहिलं.

रिपोर्ट आला. गोळ्या चालू राहिल्या, पण इन्सुलिनचं नाव डॉक्टरांनी काढलं नाही. बाबा क्लिनिकमधून थेट काकींच्या दारात गेले, मागे मी. काकी भाकऱ्या भाजत होत्या. रिपोर्ट ऐकून त्या खूप हसल्या, आणि मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या,

"आमच्यांना भाताशिवाय जमायचं नाय. घरच्या शेताचा भात. मी पण कौतुकाने वाढत राहिली. डॉक्टर सांगायचे तर वाटायचं, कष्टाचा माणूस, खाऊ दे पोटभर. आधी पाय कापला, मग तेच गेले."

बाबांनी तिथलीच खुर्ची ओढली, तव्यावरची गरम भाकरी मागून घेतली आणि कोरडीच खायला लागले. काकी समोर बसून त्यांचा एकेक घास बघत होत्या. बघत बाबांकडेच होत्या, पण त्यांना दिसत बहुतेक दुसरंच कुणी होतं.