बर्फाचे टायर आणि ह्यांची चाकं

बर्फात चालणारे टायर मागायला आलेलं गिऱ्हाईक नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या त्या टायरवाल्यांनी आजवर पाहिलं नसावं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला नीट न्याहाळलं.

"ताई, निफाडच्या थंडीला एवढी तयारी?"

"निफाड नाही, हिमाचल," मी म्हटलं.

माझी मुलगी हिमाचलमधल्या एका डोंगरगावात शिक्षिका आहे. तिच्याकडे हिवाळ्यात आपल्या गाडीने जायचं, वाटेत हवं तिथे थांबायचं, असा बेत ह्यांनी आणि मी कितीतरी वेळा केला होता. दीड वर्षापूर्वी हे गेले आणि बेत तसाच राहिला. मी ग्रंथालयात नोकरी केलेली, घरीही पुस्तकात डोकं घालून बसणारी बाई. गाडी चालवता येत होती, पण बहुतेक वेळा मी ह्यांच्या शेजारीच बसायची. या दिवाळीनंतर एका सकाळी मी ठरवून टाकलं, की यंदा जायचं आणि आपणच चालवत जायचं. माझी धाकटी नणंद दिंडोरीला द्राक्षाच्या मळ्यात राहते. ती सोबत यायला एका पायावर तयार झाली.

अडचण एकच होती. गाडी सत्तरच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायचं. मी ते मुलीला सांगून बसले.

"आई, गाडी थरथरतेय तोवर तू निघायचं नाहीस. मी विमानाचं तिकीट काढते."

तिला मी हे सांगितलं नव्हतं, की थरथर गाडीची नसून माझ्या हातांची आहे असं मला वाटत होतं. ह्यांच्या जागी बसले की हात कापत असतील, दुसरं काय?

टायर दिल्लीहून यायला आठ दिवस लागले. टायरवाल्यांनी बजावलं, की हे रबर मऊ असतं, नाशिकच्या उन्हाळ्यात वापरायचं नाही. शिवाय बॅलन्सिंग कसलं करायचं तेही ठरवायला सांगितलं. चाक फिरताना एका बाजूला जड होऊ नये म्हणून रिमला छोटी वजनं लावतात, एवढंच मला ठाऊक होतं. त्यातही प्रकार निघाले. आतून चिकटवायची वजनं, कडेला ठोकून बसवायची वजनं, आणि टायरच्या पोटात टाकायची एक भुकटी. मी वही काढली, तीन रकाने आखले आणि परीक्षेला बसल्यासारखी अभ्यासाला लागले. किती दिवसांनी असं काही शोधून काढायला मजा येत होती!

टायर आले त्या दिवशी नणंदही सकाळीच हजर झाली. टायरवाल्यांनी पहिलं चाक उतरवलं, रिमच्या आत हात फिरवला आणि थबकले. दुसऱ्या चाकातही तेच.

"ताई, यातली वजनं कुठं गेली? चिकटवलेल्या पट्ट्या असतात राखाडी रंगाच्या. नुसता गोंद राहिलाय. वेगात गाडी थरथरत असणार."

माझ्या डोळ्यांपुढे मागच्या वर्षीची खंडेनवमी आली. गाडी धुऊन तिची पूजा करायचं काम दरवर्षी ह्यांचं. त्यांच्या पश्चात पहिल्यांदाच ते मी करत होते. काही कमी पडू नये म्हणून जुना टूथब्रश आणि सुरी घेऊन चाकं आतूनसुद्धा घासली होती. तिथे ओळीने चिकटलेलं काहीतरी राखाडी सापडलं. डांबर समजून मी चारही चाकांतलं ते खरवडून काढलं, आणि मग हळद-कुंकू वाहिलं.

हे ऐकून टायरवाले स्टुलावर बसून हसले. नणंद तर डोळे पुसायला लागली. "वहिनी, दादा असता तर तुमचीच पूजा केली असती त्यानं!"

मीही हसले. मोठ्यांदा हसले, आणि स्वतःलाच नवल वाटलं.

"आता बोला, काय लावू?" टायरवाल्यांनी विचारलं. "भुकटीच्या नादी लागू नका, ओल लागली की गोळे होतात. चिकटवलेलं दिसत नाही, ओरखडा पडत नाही. पण रिममध्ये बर्फ-चिखल गोठला, तर उखडू शकतं. ठोकलेलं पक्कं बसतं. मात्र तुमच्या या ॲलॉयच्या चाकांना डाग पडणार."

ती चाकं ह्यांनी हौसेने बसवून घेतली होती. दर रविवारी मऊ फडक्याने पुसायचे.

"दादाच्या चाकांवर हातोडी? नाय हां, वहिनी," नणंदेचं हसू थांबलं.

मी वही उघडली. बर्फाच्या देशांत लोक हिवाळ्याच्या टायरांना साध्या लोखंडी रिमांचा वेगळा संच ठेवतात, असं मी वाचून टिपून ठेवलं होतं. "आमच्या गाडीला लोखंडी बसतील का?"

"का नाही? याच गाडीच्या साध्या मॉडेलला लोखंडीच येतात. एक संच माझ्याकडे पडून आहे."

"मग त्याच लावा. आणि वजनं ठोकून."

दुपारी मशीनवर एकेक चाक गरगरलं, कडेला वजनं ठकठक बसली. ह्यांच्या दोन चाकांनी डिकी भरली. उरलेली दोन मागच्या सीटवर ठेवून नणंदेने त्यांना चक्क पट्टा लावला.

तिथूनच गाडी पारखायला आम्ही इगतपुरीच्या रस्त्याला लागलो. साठ. सत्तर. ऐंशी. स्टिअरिंग गप्प होतं. माझे हात कापत नव्हते. ते कधी कापतच नव्हते! मला ओरडावंसं वाटलं, आणि गाडीत नणंदच होती, म्हणून मी ओरडलेही.

"वहिनी, पुढं बघा, पुढं!"

इगतपुरीला चहा सांगून मी मुलीला फोन लावला. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता.

"आत्याला दे. आत्या, खरं सांग हां. थरथरली?"

"गाडी नाय थरथरली. तुझ्या आईनं एक ट्रक मागं टाकला, तेव्हा मी थरथरले. पण लय भारी चालवते गं."

मग मुलगी म्हणाली, "बरं, तिकीट काढत नाही. रात्रीचं अजिबात चालवायचं नाही. कधी निघताय?"

"परवा," मी म्हटलं.

"परवा?" नणंदेने कप खाली ठेवला. "अहो, माझ्याकडं धड स्वेटरसुद्धा नाय!"

मी चहा तसाच टाकून उठले. स्वेटरची दुकानं बंद व्हायच्या आत नाशिक गाठायचं होतं.